पटकथेची शंका : मीटर पुढचा महिना दाखवतं तेव्हा

प्रश्न : मी नागपूरला नंदनवनात राहतो. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं काम करतो आणि रात्री पटकथा लिहितो. परवा घरी ‘अरायव्हल’ पाहिला. आवडला, पण अर्धं लक्ष ‘हा प्रसंग इथंच का टाकला’ यात. शेवटी बायको म्हणाली, ‘सिनेमा पाहून राहिले की पेपर तपासून राहिले?’ लिहिणाऱ्यानं सिनेमाची मजा घ्यायचीच नाही का? सोबत माझी पहिली चाळीस पानं पाठवतो. एका घराचं मीटर पुढच्या महिन्याचं रीडिंग दाखवतं, अशी कल्पना आहे. मित्र म्हणतात, यान नाही, परग्रहवासी नाही, ही कसली सायन्स फिक्शन? कल्पना कोणी उचलेल याचीही धास्ती आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. पहिल्यांदा पाहताना वही लांब ठेवा. फसायचं असेल तिथं फसा, रडू आलं तर रडा. तपासणी दुसऱ्या वेळी, आणि तीही एकच प्रश्न धरून : प्रेक्षकाला कोणती गोष्ट कधी कळते?

‘अरायव्हल’ त्यासाठी फार चांगला आहे. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

सुरुवातीला नायिकेची, म्हणजे परग्रहवासीयांची भाषा शिकणाऱ्या लुईसची, मुलगी दिसते, वाढते, आजारपणात जाते. आपण मुकाट्यानं धरून चालतो की हे घडून गेलेलं आहे. पटकथाकार एरिक हाइसररनं कुठंही खोटं सांगितलेलं नाही. हे सगळं लुईसला दिसलेलं पुढचं आहे; प्रसंग फक्त आधी ठेवले आहेत. टेड च्यांगच्या ज्या १९९८च्या कथेवरून हा २०१६चा सिनेमा आला, तीही मिळवून वाचा. कथेत मुलगी गिर्यारोहणाच्या अपघातात जाते, सिनेमात असाध्य आजारानं. बदल एका ओळीचा दिसतो, पण अपघात माहीत असेल तर प्रेक्षक ओरडतो, ‘अगं, तिला जाऊ देऊ नकोस!’ आजारापुढं तो ओरडा बंद होतो आणि एकच प्रश्न उरतो : हे ठाऊक असून मूल होऊ द्यायचं का? सगळा सिनेमा त्या प्रश्नावर उभा आहे. शेवटी युद्ध टाळायला लुईसनं चिनी सेनापतीला केलेला फोन मला मात्र आजही सोयीचा वाटतो. असो.

आता तुमची पानं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. तुमचे प्राध्यापक पान ६ ते १७ काळाची मिती समजावत बसले आहेत. म्हणजे जवळजवळ बारा मिनिटं एक गृहस्थ फळ्यापाशी! त्यांना काढाच. मीटर असं का करतं हे कोणालाही कळलं नाही तरी चालेल.

खरा सिनेमा तुमच्या पान ३४ वर दडलाय. महाल भागातल्या जुन्या वाड्यात, मे महिन्याच्या भर दुपारी, मीटर-रीडर पुढच्या महिन्याचा आकडा वाचतो आणि आजच्या आकड्याशी फरक येतो फक्त चार युनिटांचा. आत कूलर घरघरतोय, आजी त्यात बादलीनं पाणी ओतताहेत. साधा कूलर दिवसातून दहा-बारा तास चालला तरी दीड-दोन युनिटं सहज खातो. मग महिन्याला चार? नागपुरात, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रणरणते दिवस, तोंडावर असताना? आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल की एक तर हे घर बंद होणार, नाहीतर त्यात कोणी उरणार नाही. ‘मृत्यू’ हा शब्दही न उच्चारता तुम्ही हे साधलंय, आणि हे सुचायला रीडरच लागतो. हा प्रसंग पान ८ च्या आत आणा.

पुढं मात्र तुम्ही चुकता. तुमचा रीडर लगेच आजींच्या मुलाला पुण्याला फोन लावतो. इतक्यात नको. आधी त्याला हातातल्या यंत्रात आकडा भरू द्या. आजचा खरा भरायचा की दिसतो तो? बाहेर बाकीची घरं खोळंबलेली, आणि आजी विचारताहेत, ‘बिल जास्त येऊन राहिलं का रे बाप्पा?’ याला उत्तर काय द्यायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. मित्रांना यान हवं असेल तर त्यांनी लिहावं.

चोरीचं : नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुराला असतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन पटकथा नोंदवता येते; तारखेनिशी पुरावा हाती राहतो. पण ती पुरी झाल्यावर. चाळीस पानं नोंदवून काय करणार, त्यातली बारा तर आत्ताच गेली.