लष्कराकडून निरपराध माणूस मारला गेला तर घरच्यांना कोर्टात न्याय मिळतो का? ओटिंगची केस बंद कशी झाली?

तुम्ही विचारलंय की ओटिंगमध्ये मजूर मारले गेले, पोलिसांनी चार्जशीटसुद्धा दाखल केली, तरी केस बंद कशी होते आणि अशा वेळी घरच्यांनी नेमकं करायचं काय. कायदा शिकत असल्यापासून मी हे निकाल वाचतेय, आणि आमच्याच घरातली दोन माणसं फौजेत होती त्यामुळे हा विषय निघाला की लगेच "तू सैन्याच्या विरोधात आहेस का" असं ऐकावं लागतं. अजिबात नाही. ज्याने चुकीच्या माणसावर गोळी चालवली त्याला कोर्टात उभं करणं हे वर्दीच्या विरोधात कसं असेल?

आधी ओटिंग. 4 डिसेंबर 2021, शनिवार संध्याकाळ, नागालँडचा मोन जिल्हा. तिरूच्या कोळसा खाणीतून मजूर पिकअपमधून घरी निघाले होते, दबा धरून बसलेल्या लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसच्या तुकडीने गोळीबार केला, सहा जण गेले. माणसं परत आली नाहीत म्हणून गावकरी शोधायला गेले, तिथे झटापट झाली आणि आणखी सात गावकरी आणि एक जवान गेला, दुसऱ्या दिवशी मोन शहरात अजून एकाचा जीव गेला. गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की गाडीला थांबायचा इशारा केला होता पण ती पळून जायला लागली म्हणून संशय आला. वाचलेल्या मजुराने पत्रकारांना सांगितलं, असा कुठलाही इशारा झाला नव्हता. राज्याच्या एसआयटीने, म्हणजे विशेष तपास पथकाने, तपास करून 2022 मध्ये 30 जवान-अधिकाऱ्यांवर चार्जशीट दाखल केली. म्हणजे पोलिसांनी त्यांचं काम केलं होतं.

अडलं ते मंजुरीवर, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. अफ्स्पा म्हणजे सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, 1958, त्याच्या कलम 6 प्रमाणे या कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल केंद्र सरकारच्या आगाऊ मंजुरीशिवाय खटला चालवता येत नाही. (या कायद्याचं मूळ 1942 च्या वटहुकमात आहे, तो इंग्रजांनी चले जाव आंदोलन चिरडायला आणला होता, जे आपल्या मुंबईत गवालिया टँकवर सुरू झालं. आपल्याविरुद्ध काढलेलं हत्यार आपणच जपून ठेवलं याचा मला आजही राग येतो.) ओटिंगच्या केसमध्ये केंद्राने 2023 मध्ये मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने जवानांविरुद्धची कारवाई बंद केली. ते निर्दोष आहेत असं कोर्टाने म्हटलं नाही, मंजुरी नाही म्हणून पुढे जाता येत नाही एवढंच म्हटलं, आणि पुढे कधी मंजुरी मिळाली तर कारवाई चालू करता येईल हेही त्याच आदेशात आहे.

ही मंजुरी मिळते का? 2018 च्या सुरुवातीला सरकारनेच राज्यसभेत सांगितलं होतं की जम्मू-काश्मीरमधून अशी 50 प्रकरणं आली, त्यातली 47 नाकारली आणि 3 प्रलंबित आहेत. एकही मंजूर नाही.

दुसरी वाट म्हणजे कोर्ट मार्शल, लष्कराचं स्वतःचं न्यायालय. अनंतनागमधलं पथरीबल, 25 मार्च 2000. पाच दिवस आधी छत्तीसिंगपोरात 30 हून जास्त शिखांची कत्तल झाली होती, आणि पथरीबलला लष्कराने मारलेले पाच जण त्यामागचे परदेशी अतिरेकी आहेत असं जाहीर झालं. ते निघाले आसपासच्या गावांतले साधे लोक. डीएनए तपासणीत पहिल्या वेळी नमुन्यांतच फेरफार झालेला, तरी घरचे हटले नाहीत, पुन्हा तपासणी झाली, केस सीबीआयकडे गेली, 2006 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांवर चार्जशीट झाली. मग 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने लष्कराला विचारलं, साधं कोर्ट की कोर्ट मार्शल, तुम्ही ठरवा. लष्कराने आपली वाट घेतली आणि जानेवारी 2014 मध्ये पुरावा नाही म्हणून फाइल बंद केली, खटला उभाच राहिला नाही. काश्मीरमधल्याच मच्छिलच्या 2010 च्या केसमध्ये, जिथे तीन गावकऱ्यांना अतिरेकी म्हणून मारलं होतं, मात्र कोर्ट मार्शलने जन्मठेप दिली होती, पण 2017 मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने ती स्थगित करून जामीन दिला. म्हणून मला ठामपणे वाटतं की ज्या संस्थेच्या माणसावर खुनाचा आरोप आहे तिनेच खटला कुठे चालवायचा ते ठरवणं हे चूक आहे.

मग काहीच होत नाही का? होतं, आणि त्यासाठी मणिपूर बघा. तिथे पोलीस आणि सैन्याच्या कथित चकमकींत गेलेल्यांच्या बायका आणि आया एकत्र आल्या, संघटना केली आणि 2012 मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेल्या, 1528 मृत्यूंची यादी घेऊन. कोर्टाने न्यायमूर्ती संतोष हेगडेंचा आयोग नेमला, त्याने सहा प्रकरणं तपासली आणि सहाही चकमकी खऱ्या नव्हत्या असं निघालं. 2016 च्या निकालात कोर्टाने स्पष्ट केलं की अशांत भाग, म्हणजे जिथे अफ्स्पा लागू होतो तो, असला तरी कुणालाही सरसकट अभय नाही, आरोप झाला तर चौकशी झालीच पाहिजे. 2017 मध्ये काही प्रकरणं सीबीआयकडे दिली.

यातून घरच्यांनी काय करायचं ते मला असं दिसतं. एफआयआर आणि तपास यांना मंजुरी लागत नाही, ती लागते कोर्टाने आरोपपत्राची दखल घेताना. पोलीस बऱ्याचदा "वरून परवानगी नाही" म्हणून एफआयआरच घेत नाहीत, तेव्हा एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना, लेखी द्या, तरी नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आणि साक्षीदारांचे जबाब पहिल्या काही दिवसांतच हातात हवेत, कारण पथरीबलमध्ये लोकांनी प्रेतं उकरून ओळख पटवायचा हट्ट धरला नसता तर सरकारी कहाणीच खरी ठरली असती. मानवाधिकार आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करा, पण सैन्याच्या बाबतीत आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो, स्वतः तपास करत नाही, तेव्हा फक्त त्याच्यावर विसंबून राहू नका.

हायकोर्टात रिट याचिका करून भरपाईसुद्धा मागता येते. मणिपूरमध्येच दोन जणांना लष्कराने नेलं आणि ते परत आलेच नाहीत, तेव्हा 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बायकांना प्रत्येकी 1 लाख द्यायला लावले आणि पोलिसांना खुनाचा तपास करायलाही सांगितलं. भरपाई घेतली म्हणून फौजदारी केस सोडली असं होत नाही, हे घरच्यांना नीट समजावून सांगायला हवं, कारण त्या काळात त्यांच्यावर दबाव प्रचंड असतो. ओटिंगच्या लोकांनी तर दोषींवर कारवाई होईपर्यंत पैसे नको म्हणून सांगितलं होतं.

आणि मंजुरी नाकारली की सगळं संपलं असंही नाही, त्या नकारालाच कोर्टात आव्हान देता येतं. ओटिंगमध्ये नागालँड सरकारने नेमकी तशीच याचिका सुप्रीम कोर्टात दाखल केलीय.