भावी गणितशिक्षकांकडून बोर्ड गेम तयार करून घेण्याचा खरंच उपयोग होतो, की नुसता वेळ जातो?

उपयोग होतो, पण तयार झालेला खेळ परक्या हातात देऊन खेळवून घेतलात तरच. मी भावी शिक्षकांना गणित अध्यापन शिकवते. पहिल्या आठवड्यात हमखास सापशिडीच येते, सोबत प्रश्नांच्या चिठ्ठ्या. उदाहरण सोडवा, मग फासा टाका. मी म्हणते, चिठ्ठ्या बाजूला ठेवून खेळा बरं. खेळ तसाच चालतो, उलट जास्त रंगतो! म्हणजे गणित खेळात नव्हतंच, दारावर पहारा देत उभं होतं.

एका गटाने मात्र अपूर्णांकांचा खेळ केला. प्रत्येकाला 1 एककाची पट्टी. चिठ्ठीवर 1/2, 1/3, 1/4, 1/5 किंवा 1/6. येईल तो तुकडा लावायचा, मावला नाही तर ती पाळी सोडायची, नेमका 1 भरेल तो जिंकला. दुसऱ्या गटाला खेळायला बसवलं, तर डाव संपेचना. आधी नशिबाला बोल लावून झाला. मग एकीच्या लक्षात आलं की, पट्टीवर एकदा 1/5 बसला की आणखी चार पंचमांश आल्याशिवाय ती पूर्ण होणारच नाही. बाकीचे सगळे छेद 12चे विभाजक, 5 तेवढा नाही. त्यांनी 1/5च्या जागी 1/12 घातला आणि खेळ सुटला. लसावि काढता सगळ्यांनाच येत होता, पण छेद जुळले नाहीत तर काही अडतं हे त्यांनी प्रथमच पाहिलं.

नियमातल्या बारकाव्याचं वजन संशोधनातही दिसतं. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रामानी यांच्या 2008च्या अभ्यासात लहान मुलं 1 ते 10 आकड्यांच्या सरळ पटावर खेळली आणि त्यांची संख्यांची समज सुधारली. आकड्यांऐवजी रंग असलेल्या पटावर खेळलेल्यांची नाही. पुढे एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी 2014 मध्ये 100 घरांच्या पटावर दाखवलं की 5 वरून दोन घरं सरकताना ‘एक, दोन’ म्हणण्यापेक्षा ‘सहा, सात’ म्हणणाऱ्यांचा फायदा जास्त होतो. सोंगटी तेवढीच सरकते!

गुण मी पटाच्या रंगरंगोटीला देत नाही, वहीला देते: कोणता नियम बदलला, काय पाहून बदलला. आणि दुसरे खेळत असताना खेळ बनवणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही. होऊ घातलेल्या शिक्षकांना याइतकं जड काहीच जात नाही.