नववीत आलेली मुलं जातात कुठं?

प्रश्न : मी एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववीचा वर्गशिक्षक आहे. जवळच्या बालगृहातली मुलं आमच्याकडे येतात. वह्या-पुस्तकं, गणवेश, जेवण सगळं त्यांना संस्थेकडून मिळतं. तरी दिवाळीनंतर त्यांतली काही दिसेनाशी होतात, दहावीला एखाददुसराच बसतो. सहकारी म्हणतात, 'या पोरांना शिकायचंच नसतं.' मला ते पटत नाही. कुठं बिनसतं?
— एक शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : सर, तुम्हाला पटत नाही याचा मला फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी बालगृहाची अधीक्षक म्हणून झाली. शिकायचं नाही म्हणून शाळा सोडणारं मूल मला क्वचितच भेटलं.

आधी नववीच का, ते बघा. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. ते योग्यच आहे. बारा वर्षांच्या मुलाला दुसरीत बसवलं तर ते टिकणार नाही. पण त्याच कायद्यात अशा मुलासाठी विशेष प्रशिक्षणही सांगितलंय, आणि ते बऱ्याचदा कागदावरच राहतं. मग ऊसतोडीच्या फडावरून नाहीतर रेल्वे स्टेशनवरून आलेलं मूल थेट सातवीत. आमच्याकडच्या एका मुलाचं अक्षर सुरेख होतं. फळ्यावरचं सगळं तो समासासकट हुबेहूब उतरवायचा, वही बघून शिक्षक खूश. मी त्याला एका चिठ्ठीवर 'आज बाजार बंद आहे' लिहून वाचायला दिलं, तर तो 'बाजार'पाशीच अडला. नववीच्या पहिल्या चाचणीत हे सगळ्या वर्गापुढं आलं. वर्गात सगळ्यात उंच तोच. त्यानंतर तो दप्तर घेऊन निघायचा आणि दिवसभर एसटी स्टँडवर बसून राहायचा.

शिवाय या मुलांच्या बदल्या होतात. मूल कुठं राहील हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीचा आदेश येतो, मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत जातं, किंवा काका येऊन घरी नेतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यात कुटुंब आधी आणि संस्था शेवटी, हे तत्त्वच आहे, आणि मला ते मान्य आहे. पण आदेश काढताना शाळेचं वर्ष कुणी बघत नाही. मूल नोव्हेंबरात जातं, दाखला तुमच्या कपाटात राहतो. आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही; नववीपासून शिक्षणहक्क कायद्याचं ते कवच नसतं. नवे मुख्याध्यापक म्हणतात, आधी दाखला आणा. मजुरी बुडवून काका तेवढ्यासाठी कशाला येतील? मुलगी असेल तर आधी घरकाम, मग स्थळं. तुमच्या हजेरीपटावर मात्र ती नुसती 'सतत गैरहजर'.

मला सगळ्यात सलतं ते अठरावं वर्ष. उशिरा शाळेत आलेली, मधे वर्षं वाया गेलेली मुलं दहावीपर्यंत सतरा-अठराची होतात, आणि अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. पुढं एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, पण अनुरक्षण गृहं मोजकी. कधी ती दुसऱ्याच शहरात, म्हणजे पुन्हा शाळा बदलायची. रात्री दिवे घालवून झाल्यावर नववीतला मुलगा मला विचारायचा, "मॅडम, वाढदिवसानंतर मी झोपायचं कुठं?" त्याच्या डोक्यात बीजगणित कसं शिरणार? गॅरेजवाला जेवण देतो, माळ्यावर झोपू देतो. मुलगा हिशेब करतो आणि परीक्षेची वाट न बघता निघून जातो. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर तेच केलं असतं. तुमच्या सहकाऱ्यांना एवढं जरूर सांगा.

आता तुमच्या हातात काय आहे? मूल आठवडाभर दिसलं नाही तर अधीक्षकांना फोन करा. बदलीचं कानावर आलं तर 'परीक्षा होईपर्यंत थांबावं' असं पत्र वर्गशिक्षक म्हणून समितीला द्या. शाळेचं पत्र फाईलला लागलं की समिती तारीख पुढं ढकलते, हे मी पाहिलंय. मूल गेलंच, तर दाखला नव्या शाळेकडे स्वतःहून पाठवा. सतरावं लागलेल्या प्रत्येकासाठी अनुरक्षणाचा प्रस्ताव गेला का, हे अधीक्षकांना विचारत राहा. बाहेरून कुणी विचारलं की कागद हलतो. ज्याचं वर्ष वाया गेलं त्याला सतरा नंबरच्या फॉर्मवर बाहेरून दहावीला बसता येतं. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, म्हणून पावसाळ्यातच चौकशी करा.

आणि जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, बालगृहातल्या प्रत्येक मुलाला एकटं बोलावून चार ओळी वाचायला लावा. अडला तर मधल्या सुट्टीत रोज थोडा वेळ द्या. तिसरीचं पुस्तक चालेल, फक्त त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. मित्रांना इयत्ता दिसली, तर तो ते पुस्तक पुन्हा उघडणार नाही.