डच लाकडी शिडाच्या होड्यांना दोन्ही बाजूंना मोठ्या फळ्या का टांगलेल्या असतात?

त्या फळ्या कीलचं (होडीच्या तळाखाली खोल गेलेल्या कण्याचं) काम करतात: वारा बाजूने आला की होडी आडवी सरकू देत नाहीत, आणि पाणी उथळ झालं की वर ओढून घेता येतात. नेदरलँड्सचा झाउडरझे हा समुद्राचा फाटा (1932 मध्ये बांध घातल्यावर झालेलं आयसलमेर सरोवर) आणि त्याच्या उत्तरेचा वाडन समुद्र, दोन्ही फार उथळ. तिथे खोल कीलची होडी वाळूत रुतून ओहोटीला कलंडेल. म्हणून ओक लाकडाची बोटरसारखी मच्छीमार होडी सपाट तळाची बांधत. ती जेमतेम मीटरभर पाण्यातही तरंगते आणि ओहोटीत वाळूवर सरळ बसून राहते. फळी पाण्यात सोडायची ती वारा जिकडे जातो त्या बाजूची, कारण सरकणाऱ्या होडीमुळे पाणी तिला होडीच्या अंगावर दाबून धरतं. दुसऱ्या बाजूची सोडली तर पाणी तिला बाहेर खेचतं आणि सगळा ताण टांगणीवर येतो. शिवाय उथळात फळीचं टोक तळाला घासलं की ती आपोआप वर उचलली जाते. खोली कमी झाल्याची इतकी चांगली सूचना कुठलं यंत्र देईल असं मला वाटत नाही! आकारातही फरक दिसतो: आतल्या उथळ पाण्यातल्या फळ्या पंख्यासारख्या रुंद, तर समुद्रावर जाणाऱ्या होड्यांच्या अरुंद आणि लांब.

एक मात्र आहे, वारा जिकडून येतो तिकडे जाताना ही होडी खोल कीलच्या यॉटइतकी वाऱ्याच्या दिशेजवळून जाऊ शकत नाही. आणि मुद्दाम वाळूवर बसवायची असेल तर उधाणाच्या ऐन भरतीला बसवू नका. पुढच्या भरत्या उतरत्या असतात, होडी कित्येक दिवस अडकून पडते.