नायट्रससाठी स्वतंत्र इंधनव्यवस्था : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गाडीत नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन देऊन शक्ती वाढवणारा नायट्रस ऑक्साइड वायू) बसवणाऱ्यांकडून येणाऱ्या पत्रांत शब्द वेगवेगळे असले तरी गोंधळ तोच असतो. बाटली, नळ्या आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) यांची चौकशी बारकाईने होते, पण त्या नायट्रसबरोबर इंजिनात जाणाऱ्या पेट्रोलचा विचार सगळ्यांत शेवटी केला जातो. म्हणून या विषयावरचे काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या गाडीचा मूळ पंप नवा आहे. वेट किटसाठी (नायट्रसबरोबर जादा पेट्रोलही सोडणाऱ्या किटसाठी) त्याच लाइनमधून पेट्रोल घेतले तर चालणार नाही का?

उत्तर : शॉट (नायट्रसमुळे मिळणारी जादा शक्ती) लहान असेल आणि मूळ पंपाची शिल्लक क्षमता मोजून पुरेशी ठरली असेल, तर चालते, पण पंप नवा आहे म्हणजे तो पुरेसा आहे, असे होत नाही. नायट्रस सोडले जाते तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडे असते, म्हणजे इंजिनाची स्वतःची पेट्रोलची गरजही त्याच क्षणी सर्वाधिक असते, आणि तेव्हाच पेट्रोलला दुसरी वाट करून दिली की दोन्हीकडचा दाब पडू शकतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये सुमारे ३६ टक्के. या जादा ऑक्सिजनला पुरेल एवढे पेट्रोल मिळाले नाही तर मिश्रण लीन होते (त्यात पेट्रोल कमी पडते), नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी, स्फोटासारखे जळणे) सुरू होते आणि पिस्टनच्या कडा वितळू लागतात. स्वतंत्र टाकी, पंप, फिल्टर आणि रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरवणारा भाग) असले की इंजिनाचे पेट्रोल आणि नायट्रसचे पेट्रोल एकमेकांच्या वाटेत येत नाही. शिवाय छोट्या टाकीत अधिक ऑक्टेनचे, म्हणजे सहज नॉक न होणारे, इंधन ठेवता येते. कोणता मार्ग घ्यायचा हे ट्यूनरकडून (इंजिनाची जुळणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून) प्रवाह मोजून घेतल्यावरच ठरवावे.

प्रश्न : छोट्या टाकीत गेल्या मोसमातले रेसिंग पेट्रोल शिल्लक आहे. ते वापरू का?

उत्तर : नाही, ते काढून टाकावे आणि ताजे भरावे.

प्रश्न : टाकी किती मोठी असावी आणि कोठे बसवावी?

उत्तर : १०० अश्वशक्तीच्या शॉटला ताशी साधारण ३० ते ३५ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे दहा सेकंदांत जेमतेम १०० मिलिलिटर. त्यामुळे चार लिटरची टाकीही भरपूर होते. गाडी जोरात पुढे झेपावताना पेट्रोल मागे सरकते, म्हणून निर्गमाचे तोंड टाकीच्या तळाशी, मागच्या बाजूला असावे, आणि पंप टाकीजवळ व तिच्या पातळीखाली असावा. टाकी डिक्कीत बसवल्यास प्रवाशांच्या बाजूला धातूचा बंद पडदा असावा आणि टाकीची श्वासनळी गाडीबाहेर काढून तिला उलटल्यावर बंद होणारी झडप लावावी. एक्झॉस्टजवळून कोणतीही नळी नेऊ नये. आपल्या भागातील वाहननियम आणि स्पर्धेचे नियम आधी विचारून घ्यावेत.

प्रश्न : किट विकणाऱ्याने पंप चालू करून, सोलेनॉइड बंद असताना रेग्युलेटर ६ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) लावून दिला आणि आता त्याला हात लावू नका असे सांगितले. हे बरोबर आहे ना?

उत्तर : हे बरोबर नाही, आणि याच एका चुकीपायी फुटलेली इंजिने मी आजवर सर्वाधिक उघडली आहेत. सोलेनॉइड बंद असताना नळीतले पेट्रोल स्थिर उभे असते; तेव्हा गेज जो आकडा दाखवते तो पेट्रोल वाहताना टिकतोच असे नाही. सोलेनॉइड उघडले की काटा खाली येतो. तो ६ वरून ४.५ वर आला, तर त्याच जेटमधून (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या बारीक छिद्रातून) सुमारे १३ टक्के पेट्रोल कमी जाते, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. नायट्रस मात्र बाटलीतल्या ९०० पीएसआयच्या आसपासच्या दाबाने पूर्ण येत राहते. माझ्याकडे आलेल्या एका इंजिनाच्या मालकाने बंद दाबाचा आकडा वहीत नीट लिहून ठेवला होता; पिस्टनची एक कड मात्र मेण ओघळावे तशी खाली उतरली होती.

दाब पेट्रोल वाहत असतानाच लावायचा असतो. बाटली बंद करून नायट्रसची नळी रिकामी करतात, पेट्रोलची नळी नोझलपासून सोडवून तिच्या टोकाला प्रत्यक्ष वापरायचा जेट बसवतात, धातूच्या भांड्यात पेट्रोल सोडतात आणि ते वाहत असताना गेज पाहून रेग्युलेटर फिरवतात. बॅटरीला चार्जर जोडलेला असावा, कारण इंजिन चालू असतानाचे व्होल्टेज मिळाले नाही तर पंप मंद चालतो आणि मापन फसवे ठरते. जेट बदलला की हे सारे पुन्हा करावे लागते. काम उघड्यावर पेट्रोल सोडण्याचे आहे, म्हणून ते मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर, अग्निशामक हाताशी ठेवून आणि अनुभवी ट्यूनरकडूनच करून घ्यावे. केवळ ऐकीव माहितीवर कोणी करू नये.

प्रश्न : शिसेयुक्त रेसिंग पेट्रोल फक्त छोट्या टाकीत भरले तर हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, ते शेवटी त्याच एक्झॉस्टमधून जाते आणि ऑक्सिजन सेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

प्रश्न : आमचा दुकानदार म्हणतो की स्वतंत्र पंप असला की इंधनदाबाचा सेफ्टी स्विच (दाब पडताच नायट्रस बंद करणारा) लागत नाही. तो खर्च वाचवावा का?

उत्तर : वाचवू नये. स्वतंत्र पंपाचा फ्यूज जाऊ शकतो, फिल्टर तुंबू शकतो, टाकी भरायची राहून जाऊ शकते; आणि इंजिन मूळ टाकीवर व्यवस्थित चालत असल्याने चालकाला यातले काहीही जाणवत नाही. म्हणजे स्वतंत्र व्यवस्थेत हा स्विच अधिकच आवश्यक ठरतो. किट स्वस्त दिसावे म्हणून त्यातून हाच भाग काढून टाकणे आणि वर तो अनावश्यक असल्याचे सांगणे, ही विक्रीची युक्ती आहे. स्विच वाहत्या दाबाच्या किंचित खाली लावावा आणि दाब पडताच नायट्रसच्या सोलेनॉइडचा वीजप्रवाह तुटतो की नाही, हे जोडणाऱ्याने आपल्यासमोर करून दाखवावे.

प्रश्न : दोन महिन्यांपासून नायट्रस दाबले की गाडी क्षणभर अडखळते आणि मग सुटते. मोसम संपल्यावर दाखवले तर चालेल का?

उत्तर : दोन महिने आधीच वाया गेले आहेत. अडखळण्याचे कारण पेट्रोल नायट्रसपेक्षा उशिरा पोहोचणे, सोलेनॉइड अर्धवट उघडणे किंवा उलट मिश्रण अति रिच होणे (त्यात पेट्रोल जास्त होणे), यांपैकी काहीही असू शकते, आणि पत्रावरून ते सांगता येत नाही. आजपासून बाटली बंद ठेवावी. स्पार्क प्लग काढावेत, त्यांच्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले, तर इंजिन पुन्हा सुरूही करू नये. प्लग न पुसता, सिलिंडरच्या क्रमाने मांडून, याच आठवड्यात ट्यूनरला दाखवावेत.