सड्यावर धावायचंय, पण वाट दुसऱ्यांच्या बागेतून जाते (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई, मी ठाण्याला नोकरीला, रोडवर धावतो, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात. हल्ली महिन्यातून एकदा गावी येतो, गाव पूर्णगडच्या बाजूला. घरामागून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढली की आंबा-काजूच्या बागा, मग देवीची राई आणि मग सडा, म्हणजे वरचं उघडं कातळाचं पठार, सड्याच्या टोकावरून मुचकुंदीची खाडी नि समुद्र दोन्ही दिसतात. जेमतेम ४ किलोमीटर. पण रोडवर तासात १० किलोमीटर करणारा मी इथे निम्म्यावरच उभा राहतो, उतरताना घसरतो, आणि मागच्या वेळी पहाटे एका बागेतल्या राखणदाराने अडवलं, कुत्री अंगावर आली. वाट बदलू का?
– एक चाकरमानी

उत्तर: वाट बदलू नका हो, इतकी सुंदर वाट नशिबाने मिळते. आधी राखणदाराचं बोलूया, कारण दम आपोआप वाढतो पण हे आपोआप सुटत नाही.

तुम्ही अडवले गेलात ते बरोबरच झालं असं मला वाटतं. मोहोर आला की आंबा उतरेपर्यंत बागायतदाराचं वर्षाचं सगळं त्या झाडांवर असतं, राखणीला ठेवलेला माणूस बहुतेक नेपाळहून आलेला, तो तुम्हाला ओळखत नाही, आणि पहाटे साडेपाचला कपाळावर बॅटरी लावून कोणी पळत आलं तर तो काय समजणार? म्हणून पहिल्या खेपेला धावूच नका, संध्याकाळी वाडीतल्या कोणा जाणत्या माणसाला घेऊन ती अख्खी वाट चालून या, मालकाला भेटा, राखणदाराला भेटा, कुठल्या दिवशी फवारणी आहे ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी तिकडे फिरकू नका. आणखी एक विचारा, रानडुकरांसाठी कुठे तारेत करंट सोडलेला असतो का, कारण अंधारात ती तार दिसत नाही. बेडं, म्हणजे बागेचं फाटक, बंद असेल तर आपण गेल्यावर बंदच करायचं, आणि गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, उडी कधीच नाही, नुसते रचलेले चिरे असतात, एक निखळला की गुरं आत. कुत्रं आलं की धावणं थांबवून चालायला लागा, पळणाऱ्याच्या मागे ते हमखास लागतं.

माझ्या वाटेवर एक आजी राहतात, सुरुवातीला मी त्यांच्या खळ्यासमोरून नुसती पळत जायचे. एकदा थांबून बोलले, तर म्हणाल्या, "बाय, त्या वळणावरच्या चिऱ्यात फुरसं हाय, जपून जा." फुरसं म्हणजे छोटा विषारी साप. तेव्हापासून मी प्रत्येक घरासमोर चालते, बोलते, मग पुढे धावते.

आता दमाचं. रोडचा पेस, म्हणजे वेग, इथे विसरा, घड्याळात किलोमीटर बघूच नका, मिनिटं बघा. पाखाडी चालतच चढायची, हात गुडघ्यांच्या वर टेकवून, छोटी पावलं, बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा, चांगले ट्रेल रनर, म्हणजे डोंगरवाटांवर धावणारेसुद्धा, उभा चढ चालतात, त्यात कमीपणा काही नाही. त्यात आपली दमट हवा, घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही आणि हृदयाचे ठोके रोडपेक्षा लवकर वाढतात. सड्यावर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नका, अर्धा-पाऊण लिटर सोबत हवं. घरी ओआरएस करायचं तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. एप्रिल-मे मध्ये कातळ सकाळी नवालाच तापतो, तोवर खाली उतरलेलं बरं.

उतरताना घसरता ते जांभ्या दगडाच्या बारीक खड्यांमुळे, पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. मागे रेलून टाच रोवायला गेलात की पडलात. अंग किंचित पुढे, पावलं छोटी आणि भराभर, नजर पायावर नको, तीन-चार पावलं पुढे. खाली खोल नक्षीचे ट्रेल शूज घ्या, रोडचे गुळगुळीत बूट इथे कामाचे नाहीत.

राईत मात्र धावू नका, चाला. एक तर ते देवीचं ठिकाण, पिढ्यान्‌पिढ्या कोणी तिथली फांदी तोडली नाही म्हणून ऐन, किंजळ, अंजनी, वेली आजही उभ्या आहेत. आणि दुसरं म्हणजे पाचोळा. फुरसं हातभराचंही नसतं कधीकधी, रंग पाचोळ्याचाच, आणि ते पळून न जाता वेटोळं करून खवले घासत बसतं, तो खर्र आवाज धावताना ऐकूच येत नाही. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलवायचा नाही, उचलून थेट प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात. आपल्याकडचं प्रतिसर्पविष फुरशावरही चालतं. कुठल्या दवाखान्यात आहे ते आधीच विचारून ठेवा, आणि एकटे जाताना घरी वेळ सांगून निघा.

सड्यावर पोचलात की मळलेली पायवाट सोडू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे सीतेची आसवं, गेंद, कवला फुलतात, बोटभर मातीत उगवलेली झाडं ती, एका बुटाने जातात. आणि कातळावर रेघा कोरलेल्या दिसल्या तर त्यावर पाय देऊ नका, कातळशिल्प असू शकतं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत, पण बरीचशी अजून अशी उघड्यावरच आहेत.

प्रश्न: पावसाळ्यात शेतातून धावलं तर चालेल का? – कुडाळहून एक वाचक

उत्तर: जुलैत नको. लावणी चालू असते, बांध नुकते चिखलाने लिंपलेले असतात, तुमच्या एका पावलाने फुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि शेतकऱ्याला ते काम परत करावं लागतं. शिवाय पायाला चीर असताना खाचरातल्या पाण्यात उतरलं की लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका, नंतर ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना "शेतात गेलो होतो" हे आवर्जून सांगा. पाखाडीवर शेवाळ धरतं, तिथे तर चालतानाही काठी घ्या. तोवर गावातला डांबरी रस्ता बरा, भात कापून झालं की मळ्यातून मस्त धावता येतं.

प्रश्न: करवंदीच्या जाळीतून जाताना खाजकुयली लागली, खाजवून खाजवून हात सुजले. – दापोली

उत्तर: खाजवल्याने ती कुसळं आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग साबणाने धुवा, कपडे वेगळे धुवा. डोळ्यात गेली असतील किंवा सूज वाढत असेल तर थेट डॉक्टरकडे. थंडीत शेंगा पिकून तपकिरी होतात तेव्हा जपायचं, त्या दिवसांत मी फुल पँट घालूनच जाते.