दुर्मिळ आजाराच्या मुलांच्या कुटुंबांना आमच्या छोट्या मंडळाने मदत कशी करावी? औषधासाठी पैसे जमवू का?

थेट औषधासाठी वर्गणी काढू नका, असं माझं मत आहे. गौचर हा जनुकीय दोषामुळे होणारा आजार घ्या. त्यावरच्या इमिग्लुसेरेज या औषधाचा पूर्ण डोस किलोमागे ६० युनिट, दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून. कुपी ४०० युनिटची. म्हणजे २० किलोच्या मुलाला दर वेळी ३ कुप्या, वर्षाला ७८. मूल वाढलं की कुप्याही वाढतात आणि औषध जन्मभर चालू. कुठल्याही मंडळाचा हिशोब इथे कोलमडतो.

औषधासाठी सरकारी वाट आहे. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात २०२२पासून एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते. ती पालकांच्या हातात येत नाही, नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रामार्फतच खर्च होते; मुंबईत ते केईएम रुग्णालय. ही मर्यादा एकूण आहे, दरवर्षीची नव्हे, हे पालकांना आधीच सांगा.

मंडळाचा पैसा खरा लागतो तो फेऱ्यांना. वर्षाला २६ वेळा मुंबई, प्रत्येक वेळी आई किंवा बापाची मजुरी बुडते, कधी दोघांचीही. भाड्याला पैसे नाहीत म्हणून डोस चुकतात, मग प्लीहा (पोटातला एक अवयव) पुन्हा वाढते, प्लेटलेट घसरतात, हाडं दुखू लागतात. म्हणून एकरकमी धनादेश आणि फोटो नको (फोटोचा सोस तर सोडाच). प्रवास, जेवण आणि बुडालेली मजुरी धरून फेरीमागे ठरावीक रक्कम द्या, निदान वर्षभर. कुटुंब रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडून निवडा.

दुसरा खर्च कुणाला सुचत नाही: जनुकीय तपासणी. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांत करता येते, पण मुलातला आणि आईवडिलांतला जनुकीय दोष आधी नक्की झालेला हवा. दिवस गेल्यावर धावपळ केली तर रिपोर्टलाच वेळ पुरत नाही. भावंडांचीही तपासणी करून घ्या.

पैसे गोळा करताना: आयकरातली ८०जीची सवलत नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, कुटुंबाच्या खात्यात टाकलेल्या पैशांवर नाही, रोख २००० रुपयांवर असेल तरीही नाही. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकाची देणगी घेऊ नका, ओसीआय कार्डवाला (मूळचा भारतीय, पण आता परदेशी नागरिक) भाचाही त्यात आला. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा.